बाईला मत द्यायचं, आपल्या माणसाला, की निवडून येईल त्याला?

वाचकाचं पत्र

माझं माहेर सांगलीचं. लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. राष्ट्राध्यक्षपदाची २०२८ ची प्रायमरी ही माझी पहिलीच. आमचं घर डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारं आहे, पण मी अजून कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही. कॉलेजात जाणारी लेक म्हणते, "आई, बाई उभी असेल तर तिलाच मत द्यायचं, नाहीतर समानतेच्या गप्पा मारू नकोस." मंडळातली मंडळी म्हणतात, भारतीय वंशाचं कोणी असेल तर आपण आपल्या माणसामागे उभं राहायला हवं. यजमान म्हणतात, "अमेरिका बाईला निवडून देत नाही हे दोनदा बघितलं, मत वाया घालवू नकोस." माझी एक जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. ती सांगते की २००८ मध्ये तिला जो तो विचारायचा, तू आधी बाई की आधी काळी? मला आता तिच्यासारखंच झालंय. कोणालाही मत दिलं तरी कोणाशी तरी बेइमानी होणार, असं वाटत राहतं. काय करू?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. बेइमानी होत नाही. तुमचं मत तुमच्या लेकीचं, मंडळाचं किंवा मैत्रिणीचं देणं लागत नाही. पण म्हणून ते लोक जे बोलताहेत ते निरर्थक आहे असंही नाही. उमेदवार बाई आहे किंवा कृष्णवर्णीय आहे, हे मत देण्याचं रास्त कारण असू शकतं. त्या कारणाला तुम्ही किती वजन देता आणि कुठल्या टप्प्यावर देता, एवढंच ठरवायचं आहे. ते ठरवल्याशिवाय बूथवर गेलात तर शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकून बटण दाबलं जातं.

हा पेच प्रायमरीतच इतका का टोचतो, ते आधी पाहू. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं आणि एबी फॉर्म हातात पडला की कार्यकर्ते कामाला लागतात. अमेरिकेत हे तिकीटवाटप पक्षाच्या मतदारांच्या हातात आहे, आणि त्यालाच प्रायमरी म्हणायचं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत दोन पक्षांची धोरणं इतकी वेगळी असतात की बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. प्रायमरीत मात्र सगळे एकाच पक्षाचे. आरोग्यविमा, गर्भपाताचा हक्क, बंदुकांवरची बंधनं यांवर त्यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक. धोरणं जवळ आली की उरलेल्या गोष्टी ठळक दिसू लागतात: वय, बोलण्याची ढब, बाई की पुरुष, गोरा की काळा. तेव्हा तुमच्या मनात हा विचार आला याचं ओझं घेऊ नका. निवडणुकीची रचनाच तो विचार पुढे आणते.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून आणखी एक फरक लक्षात येईल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सोडतीत वॉर्ड महिलांसाठी निघाला की मतपत्रिकेवर सगळ्या बायकाच असतात, आणि "बाईला द्यावं का" हा प्रश्न मतदारापुढे उरतच नाही. अमेरिकेत आरक्षण नाही. जो निर्णय आपल्याकडे कायद्याने घेऊन टाकला, तो तिथे एकेका मतदाराच्या गळ्यात पडतो. लेकीचा हट्ट त्यातून आला आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

आता तुमच्या मैत्रिणीचं २००८. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा समोरासमोर होते. दोघांपैकी कोणीही आलं तरी इतिहास घडणार होता. कृष्णवर्णीय मतदार पहिल्यापासून एकमुखाने ओबामांच्या मागे होते, अशी समजूत आता रूढ झाली आहे. तसं नव्हतं. २००७ मध्ये कितीतरी कृष्णवर्णीय नेते क्लिंटन यांच्याबरोबर होते. नागरी हक्क चळवळीत सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले खासदार जॉन लुइससुद्धा. मग ३ जानेवारी २००८ ला आयोवात, जिथे बहुसंख्य मतदार गोरे आहेत, ओबामा जिंकले आणि क्लिंटन तिसऱ्या आल्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये चाचण्या ओबामांना पुढे दाखवत असताना क्लिंटन जिंकल्या. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मतं पडली, क्लिंटन यांना २७. फेब्रुवारीत लुइस यांनी पाठिंबा बदलून ओबामांना दिला. त्याच महिन्यात, ५ तारखेच्या सुपर ट्युसडेला (एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत प्रायमरी होतात तो मंगळवार), तुमच्या न्यू जर्सीने क्लिंटन यांना कौल दिला.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लुइस यांच्यासारख्या माणसाने आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कौल दिला, आणि दोन्ही वेळा ते तेच जॉन लुइस होते. माणूस काळा आहे यावरून त्याचं मत ओळखता येत नव्हतं, आणि बाई आहे यावरूनही नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना "आधी काय" असं विचारणाऱ्यांनी त्यांची दोन तुकड्यांत वाटणी केली. तशी वाटणी करून कोणी जगत नाही. तुमच्या मैत्रिणीला त्या प्रश्नाचा राग आला असेल तर तो योग्यच होता.

हा प्रश्न जुना आहे. यादवी युद्धानंतर मताधिकार आधी कोणाला, कृष्णवर्णीय पुरुषांना की स्त्रियांना, यावरून १८६९ मध्ये फ्रेडरिक डग्लस आणि एलिझाबेथ केडी स्टँटन हे एकेकाळचे सहकारी वेगळे झाले आणि स्त्रियांच्या चळवळीची दोन शकलं झाली. ती पुन्हा एक व्हायला १८९० उजाडलं. वंशावरून मताधिकार नाकारायचा नाही ही घटनादुरुस्ती १८७० ची, लिंगावरून नाकारायचा नाही ही १९२० ची. आणि आपण? भारतीय माणूस "गोरा" नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिला. तो अडसर १९४६ च्या कायद्याने निघाला. तुमच्या हातातलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र या सगळ्या भांडणांच्या आणि जोडणीच्या पोटातून आलं आहे.

आता यजमानांचा मुद्दा, कारण घरात तोच सर्वांत जड पडतो. "बाई निवडून येत नाही." २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली होती; त्या हरल्या त्या राज्यागणिक मोजल्या जाणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजच्या हिशेबात. लोकांनी बाईला मतंच दिली नाहीत, असं त्यावरून म्हणता येत नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस मतांतही मागे पडल्या, पण त्यांची उमेदवारी लढवलेल्या प्रायमरीतून आलीच नव्हती. बायडन २१ जुलैला बाजूला झाले आणि जेमतेम साडेतीन महिने हातात होते. दोन निवडणुकांवरून एवढा मोठा नियम काढायचा तर गोऱ्या पुरुषांच्या पराभवांची यादी त्याहून कितीतरी लांब आहे, आणि त्यावरून कोणी "अमेरिका गोऱ्या पुरुषाला निवडून देत नाही" म्हणत नाही.

या युक्तिवादातली खरी अडचण वेगळीच आहे. "मला चालेल, पण इतरांना चालणार नाही" असं म्हणून आपण दुसऱ्याच्या पूर्वग्रहाचा अंदाज बांधतो आणि तो पूर्वग्रह आपल्या हाताने मतपेटीत टाकतो. पुरेशा लोकांनी असंच केलं की अंदाज खरा ठरतो, आणि मग म्हणायला मोकळे, "बघा, सांगितलं नव्हतं?" शर्ली चिझम यांनी हे १९७२ मध्ये भोगलं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा बरेचसे कृष्णवर्णीय पुरुष नेतेही लांब राहिले आणि स्त्री चळवळीतल्या कित्येक जणीही. कारण एकच, ही काही येत नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मतं पडली. काळी असण्यापेक्षा बाई असल्याचा त्रास आपल्याला जास्त झाला, असं त्या सांगत.

तरीही यजमानांना उडवून लावू नका. समोरच्या पक्षाला हरवू शकेल असा माणूस हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यांच्याकडे फक्त पुरावा मागा. उमेदवार आधी कुठून निवडून आला, आणि त्याच राज्यात त्याच्या पक्षाच्या इतरांना मिळतात त्यापेक्षा त्याला जास्त मतं पडली की कमी? उदाहरणार्थ, मिनेसोटात २०१६ मध्ये क्लिंटन जेमतेम दीड टक्क्याने जिंकल्या. दोन वर्षांनी त्याच राज्यात त्यांच्याच पक्षाच्या एमी क्लोबुशार सुमारे २४ टक्क्यांच्या फरकाने सेनेटवर गेल्या. वर्षं वेगळी, पदं वेगळी, तरी हा आकडा काहीतरी सांगतो. "राष्ट्राध्यक्षासारखा दिसतो" हे काहीच सांगत नाही. आजवर सगळे पुरुषच झाले, म्हणून ते तसे दिसतात.

"मत वाया" या भीतीचा एक भाग मात्र निव्वळ गणिताचा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. डेमोक्रॅटिक प्रायमरीत अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला काहीच मिळत नाही. ही अट राज्यभरासाठी वेगळी आणि प्रत्येक विभागासाठी वेगळी लागते. समजा, एका विभागात ६ प्रतिनिधी आहेत आणि चार उमेदवारांना ४०, ३०, १६ आणि १४ टक्के मतं पडली. १४ वाला बाद. उरलेल्या ८६ टक्क्यांत ६ जागा वाटल्या की ३, २ आणि १ असा हिशेब येतो. आता १६ वाल्याचे दोन टक्के दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे गेले असं धरा: ४०, ३२, १४, १४. दोघं बाद, आणि वाटणी ३ आणि ३. दोन टक्के हलले आणि पहिल्याची आघाडीच गेली. म्हणून तुमची आवडती उमेदवार १५ च्या आसपास घुटमळत असेल तर तुमचं मत वाया जाणं सोडाच, तिथेच त्याला सर्वांत जास्त किंमत आहे. ती सतत ५-६ टक्क्यांवर असेल तर तुमचं मत पाठिंब्याची खूण म्हणून राहील, प्रतिनिधी आणणार नाही. दोन्ही करायला हरकत नाही, पण काय करतोय ते माहीत असावं. रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत २०१६ मध्ये पहिल्या आलेल्याला सगळे प्रतिनिधी मिळाले.

मंडळातल्या लोकांचं "आपला माणूस" मला जास्त काळजीचं वाटतं, कारण त्यात आपला म्हणजे कोण हे कोणी विचारत नाही. कमला हॅरिस यांच्या आई तमिळ, वडील जमैकाचे. रिपब्लिकन पक्षाच्या निकी हेली यांचे आईवडील पंजाबी शीख. दोघीही भारतीय वंशाच्या स्त्रिया, म्हणजे मंडळाच्याही कसोटीला उतरणाऱ्या आणि लेकीच्याही. पण हॅरिस गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आयुष्यभर बोलल्या, आणि हेली यांनी साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नर असताना २०१६ मध्ये वीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. माजी खासदार तुळशी गॅबर्ड यांना नावावरून आणि हिंदू धर्मावरून कित्येक जण भारतीय वंशाच्या समजत होते. त्या तशा नाहीत. नाव, धर्म, वंश यांतून धोरण कळत नाही.

उलट बाजूने पाहा. ग्रीन कार्डच्या रांगेत आपली किती घरं अडकली आहेत ते तुम्हाला सांगायला नको. रोजगारावरच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केलं. सेनेटमध्ये ते मांडलं होतं युटाचे रिपब्लिकन माइक ली यांनी, आणि त्यांच्या जोडीला होत्या हॅरिस. शेवटी त्याचा कायदा झाला नाही, पण त्या प्रश्नावर आपलं काम करणाऱ्या दोघांपैकी एक जण ना भारतीय वंशाचा, ना बाई, ना तुमच्या पक्षाचा.

आपला मराठी माणूस म्हणजे काय पेच होतो तेही एकदा घडलं आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातली डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले. उमेदवार बरेच होते आणि सुमारे २८ टक्के मतं त्यांना पुरली. मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला याचा आनंद आपल्याकडे झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण त्या निकालाचा दुसरा अर्थ असा होता की बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइट शहराचा काँग्रेसमध्ये जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. कृष्णवर्णीय मतं अनेक उमेदवारांत वाटली गेली होती. आपल्या आनंदाची आणि त्यांच्या खंतीची कारणं एकाच जातीची आहेत. एक खरं मानायचं आणि दुसरं खोटं, असं करता येणार नाही.

मंडळ ५०१(सी)(३) या करसवलतीच्या कलमाखाली नोंदलेलं असेल तर त्याच्या व्यासपीठावरून, पत्रकातून किंवा अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप गटातून एखाद्या उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे. सदस्य आपापल्या नावाने काहीही बोलू शकतात. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी माइकवरून आवाहन करायला लागलं तर ही गोष्ट कार्यकारिणीच्या कानावर जरूर घाला. दंड होऊ शकतो, सवलतही जाऊ शकते.

लेकीशी बोलताना तुमच्याच राज्यातलं २०२४ चं उदाहरण घ्या. सेनेटच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत टॅमी मर्फी आणि अँडी किम उभे होते. न्यू जर्सीने आजवर एकही स्त्री सेनेटवर पाठवलेली नाही, हे मर्फी यांच्या बाजूचं खरं आणि वजनदार कारण होतं. किम यांच्या रूपाने पहिला कोरियन-अमेरिकन सेनेटर मिळणार होता, हेही कारण होतं. पण मर्फी या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी. त्यांनी त्याआधी कधी निवडणूक लढवली नव्हती, आणि मोठ्या काउंट्यांतले (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांतले) पक्षाचे पुढारी झटपट त्यांच्यामागे उभे राहिले. त्या पुढाऱ्यांच्या हातात "काउंटी लाइन" होती: पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला. मर्फी यांनी मार्चमध्ये माघार घेतली, आणि काही दिवसांत, २९ मार्चला, संघीय न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या निवडणुकीपुरती डेमोक्रॅटिक पक्षाची ती मांडणी थांबवली. तिथे मर्फी यांना सोडून किम यांच्यामागे उभ्या राहिलेल्या बायका स्त्रीद्वेष्ट्या झाल्या होत्या का? आपल्याकडे सरपंच बाई आणि खुर्चीत नवरा, हे पाहिलेल्या माणसाला यातला प्रश्न लगेच कळतो: ही बाई स्वतःच्या बळावर उभी आहे, की तिला कोणीतरी उभं केलंय? हा प्रश्न विचारायचाच. फक्त पुढाऱ्यांचे मुलगे आणि पुतणे उभे राहतात तेव्हाही तितक्याच कडकपणे विचारायचा.

म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? एक कागद घ्या. उमेदवारांची नावं वाचण्याआधी तुम्हाला खरोखर महत्त्वाचे वाटणारे तीन विषय लिहा. तीनच. दहा लिहिले की सगळेच उमेदवार पास होतात. मग प्रत्येक विषयावर उमेदवार काय बोलला हे सोडा आणि त्याने काय केलं ते शोधा. खासदार किंवा सेनेटर असेल तर काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकं आणि मतदानाची नोंद सापडते. गव्हर्नर असेल तर सही केलेले आणि अडवलेले कायदे. एका उमेदवाराला साधारण दोन तास लागतात. नुसता प्रचाराचा व्हिडिओ पाहून हे काम होत नाही, कारण तो त्यांच्या सोयीच्या गोष्टींचाच असतो.

त्यानंतर नावं उलटी करून बघा. "ही फारच आक्रमक बोलते", "हिला पदाची हाव आहे", "हिचा आवाज कानाला लागतो", "याला अनुभव कमी पडतो": असं मनात आलं की तेच वाक्य गोऱ्या, साठीच्या पुरुषाबद्दल म्हणून पाहा. तेव्हा ते दोष वाटत नसेल तर तो मुद्दा खोडून टाका. आणि उलट दिशेनेही तेवढंच प्रामाणिक राहा. एखादी चूक गोऱ्या पुरुषाने केली असती तर तुम्ही माफ केली नसती, पण बाई आहे म्हणून डोळेझाक करताय का?

एवढं झालं की दोघं-तिघं उरतात, आणि त्यांच्यात फरक फारसा नसतो. इथे, या टप्प्यावर, बाई असणं किंवा कृष्णवर्णीय असणं याला मोकळेपणाने वजन द्या. दोघं सारखेच सक्षम असताना आजवर ज्यांना ती खुर्ची मिळाली नाही त्यांच्यापैकी कोणीतरी यावं, ही इच्छा पूर्वग्रह नव्हे. लेकीला हे सांगा: बाई असणं हे कारण मी धरलंय, पण पहिल्या चाळणीत नाही, शेवटच्या चाळणीत. तिला हे पटेल असं नाही. तिचं मत तिच्याकडे.

आता नोंदणीचं बघा, कारण इतका विचार करून ऐन दिवशी नुसत्या कागदपत्रांनी अडणारे खूप असतात. न्यू जर्सीत सध्याच्या कायद्याप्रमाणे प्रायमरी जूनमध्ये, पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. मतदार नोंदणी २१ दिवस आधीपर्यंत. ज्याचं नाव एका पक्षात आहे त्याला दुसऱ्या पक्षात जायचं असेल तर ५५ दिवस आधी, म्हणजे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अर्ज द्यावा लागतो. तुम्ही कुठल्याच पक्षात नाही, म्हणून तुम्हाला ही अट नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष जाहीर करून मत देता येतं. पण पोस्टाने मतपत्रिका हवी असेल तर पक्ष आधी कळवावा लागतो, नाहीतर प्रायमरीची मतपत्रिका घरी येतच नाही. एकदा मत दिलं की तुम्ही त्या पक्षाच्या म्हणून नोंदल्या जाता. नको असेल तर नंतर अर्ज करून नाव काढून घ्यायचं. हे सगळं तुमच्या राज्यापुरतं. न्यूयॉर्कमध्ये पक्षाचं नाव फेब्रुवारीतच नक्की करावं लागतं, पेनसिल्व्हेनियात कुठल्याच पक्षात नसलेल्याला प्रायमरीत मत नाही, आणि टेक्ससमध्ये पक्षनोंदणी हा प्रकारच नाही. बहिणीने, मैत्रिणीने दुसऱ्या राज्यातून सांगितलेला नियम लावू नका.

तुमच्या बाबतीत पोस्टाची मतपत्रिका टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. डायनिंग टेबलावर सगळ्यांच्या देखत भरलेली मतपत्रिका गुप्त राहत नाही. कोणी दादागिरी करतं असं नाही, पण "दाखव बघू कोणाला दिलंस" एवढं म्हटलं तरी हात बदलतो. केंद्रावर पडद्याआड तुम्ही एकट्या असता. दुसरं कारण वेळेचं. २०२० मध्ये पीट बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुशार २ मार्चला डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या स्पर्धेतून बाहेर पडले आणि ३ मार्चला सुपर ट्युसडे होता. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ज्यांनी आधीच पाकिटं पाठवली होती त्यांची मतं बाहेर पडलेल्यांच्या नावावर गेली, आणि ती परत घेता येत नाहीत. पोस्टाने द्यावंच लागलं तर सही नोंदणीच्या अर्जावर केली होती तशीच करा (अर्जावर मराठीत केली असेल तर इथेही मराठीतच), आणि आतल्या पाकिटाला जोडलेलं प्रमाणपत्र फाडू नका. ते सुटलं की मत बाद होऊ शकतं.

तुम्ही कोणाला मत दिलं हे कोणालाही कळत नाही. कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत दिलं हे मात्र मतदार नोंदीत दिसतं आणि ती नोंद प्रचारवाल्यांना मिळते. मैत्रिणीला, मंडळाला, लेकीला काय सांगायचं हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. "माझं ठरलं" एवढंही पुरतं. घरातल्या ग्रीन कार्डवाल्यांना मात्र पुन्हा बजावून सांगा: मोटार वाहन कार्यालयात चुकून नोंदणी झाली असली तरी मत द्यायचं नाही. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून देश सोडावा लागू शकतो.

एक गोष्ट तुम्हाला आत्ताच कळलेली बरी. जूनपर्यंत शर्यत बहुधा संपलेली असते. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांचा निकाल १२ मार्चलाच लागला. हॅरिस यांनी २०२० च्या शर्यतीतून पैशांअभावी डिसेंबर २०१९ मध्येच माघार घेतली, पहिलं मत पडायच्या आधी. न्यू जर्सीतल्या कोणालाही त्यांना मत देता आलं नाही. म्हणून तुमचं मन एखाद्या उमेदवारावर बसलं तर जूनची वाट पाहू नका. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक वादसभेच्या मंचावर जाण्याचा एक मार्ग ६५,००० देणगीदार गोळा करण्याचा होता. त्यात एका डॉलरचा देणगीदारही एक म्हणून धरला जायचा. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, एच-१बी वर असलेले देऊ शकत नाहीत, आणि दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर देणगी देणं बेकायदा आहे. २०० डॉलरच्या वरच्या देणगीदाराचं नाव, पत्ता आणि नोकरी जाहीर होते, तेवढं लक्षात ठेवून रक्कम ठरवा. फोन करण्याचं, दारोदार जाण्याचं काम आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना यांच्या तारखांच्या आधी केलं तर उपयोगी पडतं, आणि फोन न्यू जर्सीतूनही लावता येतात.

आणि जूनमध्ये वरची, राष्ट्राध्यक्षपदाची ओळ ठरलेली असली तरी केंद्रावर जाच. त्याच मतपत्रिकेवर तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीची आणि काउंटीच्या पदांची प्रायमरी असते, मतदान कमी होतं, आणि २०२५ च्या कायद्याने काउंटी लाइन कायमची गेल्यामुळे तिथे आता खरी निवड करायला मिळते. तीन विषयांचा तो कागद तेव्हाही बरोबर घ्या. मतदानाला स्वतःची टिपणं नेता येतात. मतपत्रिकेचा फोटो मात्र काढू नका.